पिक्चर तो, फिल्म ती

रविवारी दुपारी ऑपरेटर घरी आला, हातपाय धुऊन ताटावर बसला आणि दुसरा घास घेता घेता म्हणाला, "फार शांत आहे गं ती. काही बोलतच नाही. पण डोक्यातून जात नाही."

त्याच्या बायकोच्या हातातला भाताचा डाव हवेतच राहिला.

"कोण ती?"

"फिल्म. आजची."

"अस्सं," ती म्हणाली आणि भात वाढला. मागितला नव्हता तेवढा वाढला. तो तेवढाही खात राहिला, म्हणजे त्याचं लक्ष ताटात नव्हतंच.

थिएटरातले सगळे तिला खिडकीवहिनी म्हणत. तिकीटखिडकीत बसायला लागून तिला बावीस वर्षं झाली होती. नवरा वर मशीनच्या खोलीत, ही खाली जाळीच्या मागे, आणि दोघांचं घर थिएटरच्या पाठीमागे सायकलस्टँडच्या वरच्या दोन खोल्यांत. एका छपराखाली नोकरी करणारं असं जोडपं कामाच्या वेळात भेटतच नसेल यावर लोकांचा विश्वास बसायचा नाही, पण खेळ सुरू असताना तो मशीन सोडू शकत नसे आणि ती खिडकी. उशिरा येणारे, पुढच्या खेळाचे, उद्याचं आजच विचारणारे. बावीस वर्षांत वहिनीनं या थिएटरात एकही पिक्चर सबंध पाहिला नव्हता. भिंतीपलीकडून धडामधुडूम ऐकू यायचं, तेवढंच.

तिला त्याचं काही वाटायचं नाही, कारण तिला पिक्चर सांगणारा माणूस होता.

दर शुक्रवारी नवा पिक्चर लागे. पहिला खेळ साडेतीनला सुटे आणि दुसरा पाचला सुरू होई. मधल्या वेळात दोघं घरी येऊन जेवत आणि ऑपरेटर तिला पिक्चर सांगे. अगदी पहिल्यापासून. कोण कुठल्या दारातून आला, अंगावर काय होतं, सासू कशी बघते, हे सगळं. आवाज काढून सांगे. घोडा असला तर चमच्यांचा घोडा करी. तो ऐन जागी थांबून पाणी प्यायचा आणि वहिनी म्हणायची, "मग?" या एका "मग"साठी तो पाणी जरा जास्तच पितो हे तिला ठाऊक होतं.

एकदा धाकट्या बहिणीनं आग्रह करून तिला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या थिएटरात नेलं होतं. वहिनी अर्ध्यात कंटाळली. पडद्यावरचे लोक फार घाई करतात, म्हणाली. मधे कुणी पाणीच पीत नाही.

बहिणीशी तिचे वादही व्हायचे. बहीण म्हणे, "अगं, तो मरतो." वहिनी म्हणे, "मरायला काय झालंय त्याला? दवाखान्यातून पळून येतो. तुला डुलकी लागली असेल." नवरा रोज तीनदा बघतो, त्याला जास्त कळणार की एकदा बघणाऱ्या बहिणीला? कधी कधी खेळ सुटला की बायका डोळे पुसत खिडकीवरून जायच्या आणि ज्या पिक्चरचा शेवट गोड होतो हे वहिनीला पक्कं माहीत असायचं त्याच पिक्चरच्या असायच्या. लोक आनंदानंही रडतात, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

ऑपरेटरच्या तोंडी शब्दही ठरलेले होते. पडद्यावर दिसतो तो पिक्चर. ज्या इमारतीत दिसतो तो सिनेमा. आणि फिल्म म्हणजे डब्यातून येते ती लांबलचक काळी पट्टी, जी अडकते, तुटते, जळते आणि जिला चिकटवावं लागतं. "आज फिल्म दोनदा तुटली," असं तो दमून म्हणायचा, जशी दुसरी माणसं म्हणतात की आज पाणी गेलं. फिल्मला शांत, अबोल वगैरे म्हणताना तिनं त्याला कधी ऐकलं नव्हतं. आणि त्यातून मराठीची खोड अशी की पिक्चर तो, सिनेमा तो, फिल्म मात्र ती. त्यांची पोरगीही मूव्हीला "ती"च म्हणायची, पण एकोणीस वर्षांच्या पोरीचं कोण मनावर घेतं? नवरा पन्नाशीला आल्यावर भात खाता खाता "ती" म्हणाला की विचार करावा लागतो.

पाणी कुठं मुरतंय हे शोधायला वहिनीला लांब जावं लागलं नाही. चार महिन्यांपूर्वी थिएटरात एक मंडळ सुरू झालं होतं. रविवारी सकाळी दहाला, फक्त कार्डवाल्या सभासदांसाठी. परदेशातले जुने सिनेमे, आणि सुटल्यावर लोक घरी जायचं सोडून तासभर खुर्च्यांतच बसून बोलायचे. मंडळ चालवणाऱ्या बाई कॉलेजात इंग्रजी शिकवत. चष्मा गळ्यात दोरीला, केस आखूड, चपला रोज वापरायच्या पण महागाच्या. दर शनिवारी येऊन त्या खिडकीच्या काचेवर स्वतः पत्रक चिकटवत. "काच खराब होत नाही ना तुमची?" असंही विचारत. बाई उद्धट असत्या तर किती सोपं झालं असतं.

"तुमचे मिस्टर म्हणजे जाणकार माणूस आहेत हो," बाई एकदा म्हणाल्या होत्या. "गेल्या रविवारच्या फिल्ममधला अंधार त्यांनीच मला समजावून सांगितला."

अंधार! बावीस वर्षांत वहिनीला त्यानं घोडे सांगितले, सासवा सांगितल्या, अंधार काही सांगितला नव्हता.

मग तिला एकेक दिसायला लागलं. रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालतो, ज्या खोलीत त्याला मशीनशिवाय कुणी बघत नाही तिथं जायला. आणि दाराशी तिकिटं फाडणारा, हातात कायम टॉर्च घेऊन फिरणारा बॅटरीमामा एक दिवस सहज बोलून गेला, "वहिनी, वर आता दुसरं स्टूल आलंय. बाई येऊन बसतात ना खेळाआधी."

"कुठलं स्टूल?"

"ते बाल्कनीतलं. चांगलं भक्कम आहे."

वहिनीचं खिडकीतलं स्टूल तीन वर्षं डगमगत होतं. पायाखाली तिनं कागदाची घडी घातली होती. नवऱ्याला दहादा सांगून झालं होतं.

तरी हे सगळं तिनं गिळलं असतं. शर्ट काय, स्टूल काय, चार दिवसांचं नवं असतं. पण त्या भाताच्या रविवारी तिनं, थोडं जिभेला साखर लावून, विचारलं, "मग सांगा ना, काय होतं त्या शांत बाईचं?"

ऑपरेटरनं हात धुतले. टॉवेलाला पुसले. आणि म्हणाला, "नाही गं. पिक्चर सांगता येतो. फिल्म सांगता येत नाही. ती बघावीच लागते."

तोंडात मारल्यासारखं होऊन वहिनीनं ताटं गोळा केली.

पुढच्या शुक्रवारी त्यानं नेहमीचा पिक्चरही सांगितला नाही. "काही विशेष नाही, नेहमीचंच आहे," म्हणाला आणि पंधरा मिनिटांत जेवून उठला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी सांगितला, पण कसा? दोन भाऊ आहेत, भांडतात, मिटतं. चमचे ताटाशेजारी नुसते पडून होते. तिनं "मग?" म्हटलं तर म्हणाला, "मग काय, संपतो." पाणीसुद्धा एका दमात प्याला.

इतरांचे नवरे दुसऱ्या बाईला साड्या देतात, पैसे देतात. याचं काय गेलं होतं तर गोष्ट. कुणाला सांगणार हे? बहिणीला सांगितलं असतं तर ती हसून लोळली असती.

तिनं मुलीला विचारलं. मुलगी आरशापुढे केस विंचरत होती.

"फिल्म आणि पिक्चर यात फरक काय गं?"

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत, मराठीत, कशातही."

"मूव्ही म्हणजे मजा करायला जातो ती. फिल्म म्हणजे नंतर डोकं खाजवत बसतो ती. सिनेमा म्हणजे ते सगळं मिळून, कला वगैरे."

"आणि पिक्चर?"

"पिक्चर आता कोण म्हणतं आई? पिक्चर म्हणजे तुम्ही दोघं."

मुलीनं ते चेष्टेत म्हटलं होतं. वहिनीनं मात्र ते जपून ठेवलं.

खरं तर या शब्दांबद्दल तिला स्वतःलाही पुष्कळ कळत होतं, आणि ते तिनं कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. खिडकीच्या अर्धगोल भोकातून माणसाचं तोंड धड दिसत नाही. दिसतो हात आणि ऐकू येतो आवाज. तेवढ्यावर तिनं माणसं ओळखायला शिकून घेतलं होतं. मागच्या वर्षी जेवता जेवता ती नवऱ्याला म्हणाली होती, "गंमत बघा. 'पिक्चर'ची म्हणणारा चार तिकिटं मागतो, पोराबाळांसकट. 'मूव्ही'ची म्हणणारे दोन मागतात, तीही कोपऱ्यातली. 'फिल्म'चं म्हणणाऱ्याला नेहमी एकच लागतं. आणि 'सिनेमा' म्हणणारे म्हातारे तिकीट घ्यायला येतच नाहीत, तो सुटतो कधी एवढंच विचारतात, सुनेला न्यायला आलेले असतात." ऑपरेटर तेव्हा इतका हसला होता की त्याला ठसका लागला आणि तिनं उठून पाठ चोळली होती.

तर एका शनिवारी बाईंनी काचेवर पत्रक चिकटवलं. या खेपेला चांगलं मोठं होतं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: एकाच वस्तूची पाच नावं. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून वहिनी बाहेर येऊन वाचत उभी राहिली.

बाईंनी लिहिलं होतं की इंग्रजीत हे शब्द वरवर सारखे दिसतात, पण सारखे नाहीत. पिक्चर हे एका लांब नावाचं उरलेलं शेपूट, मूळ नाव हलतं चित्र. मूव्ही हे त्याच हलण्याचं लाडकं नाव. फ्लिक म्हणजे लुकलुकणं, हलक्याफुलक्याला म्हणायचं. सिनेमा म्हणजे जागाही आणि कलाही. आणि फिल्म म्हणजे मुळात पातळ पापुद्रा, दुधावरच्या सायीसारखा. एक नाव वस्तूचं, एक हालचालीचं, एक जागेचं. आपण कुठलं नाव घेतो त्यावरून आपण काय शोधायला आलो ते कळतं.

चांगलं लिहिलं होतं. वहिनीला राग आला की चांगलं लिहिलंय. मग शेवटचा परिच्छेद आला.

"यासाठी शब्दकोश लागत नाही. तिकीटखिडकीपाशी कान देऊन उभं राहावं. 'पिक्चर' मागणारा चार तिकिटं मागतो, 'मूव्ही' मागणारे दोन, कोपऱ्यातली; आणि 'फिल्म' मागणारा नेहमी एकटा असतो."

वहिनीनं ते तीनदा वाचलं. म्हातारे गाळले होते. बाकी शब्द न् शब्द तिचा होता. तिच्याच खिडकीच्या काचेवर, बाहेरच्या बाजूनं चिकटवलेला.

घरी आला तेव्हा ऑपरेटरच्या हातात त्याच पत्रकाची एक प्रत होती, घडी न घालता आणलेली. "हे वाचलंस का?" तो उत्साहानं म्हणाला. "शेवटचं वाच. काय बारीक लक्ष असतं बघ बाईंचं! खिडकीवर उभ्या राहिल्या असतील तर दोन मिनिटं, पण कसं टिपलंय!"

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. तिचं बोलणं त्यानं नेऊन दुसऱ्या बाईला दिलं होतं आणि आता त्याच बाईची भेट म्हणून तिला परत आणून देत होता, आणि वर, आवडलं का, असं विचारत होता.

"छान आहे," वहिनी म्हणाली. "उद्या काय लावताय मंडळाचं?"

"जुनी आहे एक. दीपगृहाची. तू काय येणार आहेस की काय?" तो हसला.

रविवारी सकाळी वहिनीनं कपडे साबणात भिजवून तसेच ठेवले, बरी साडी नेसली आणि दहाला पाच कमी असताना दाराशी जाऊन उभी राहिली.

"कार्ड?" बॅटरीमामा म्हणाला.

"मामा, तुमच्या त्या टॉर्चची काच फोडीन."

"बसा बसा. मागच्या रांगेत पंख्याखाली जागा आहे."

ती मागे बसली. बाई पुढून तिसऱ्या रांगेत होत्या. आखूड केस वळवून त्यांनी एकदा मागे वर, मशीनच्या भोकाकडे पाहिलं आणि हात केला. भोकातून हात हलला की नाही ते वहिनीला बसल्या जागेवरून दिसलं नाही, आणि न दिसल्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

अंधार झाला. समुद्र आला, खडकावर दीपगृह आलं, दिवा सांभाळणारा दाढीवाला माणूस आला आणि त्याची बायको आली, जिच्या परकराला मोठे खिसे होते आणि खिशात कायम बटाटे. बटाटे बघितले आणि वहिनी खुर्चीत ताठ झाली. हा तिला माहीत होता! हा पिक्चर त्यानं तिला सांगितला होता. वीस वर्षांपूर्वी इथंच लागला होता तेव्हा, मुलीच्या वेळी तिला सातवा महिना असताना. ही बाई आता औषध आणायला होडीनं एकटीच निघणार. वादळ येणार. तीन दिवस तो वेड्यासारखा दिवा जाळत ठेवणार, दिवसासुद्धा. आणि चौथ्या दिवशी ती ओल्या केसांनी दारात उभी राहून कमरेवर हात ठेवून म्हणणार, "दिवसाढवळ्या दिवा कशाला लावून ठेवलाय?"

ते वाक्य त्यांच्या घरातलं झालं होतं. बाजारातून यायला तिला उशीर झाला, त्याला भावाच्या घरून परतायला उशीर झाला, की दारातून आत पाऊल टाकणारा पहिल्यांदा तेच म्हणायचा. मुलीलाही ते पाठ होतं, कुठून आलं ते माहीत नसताना.

बाई होडीत बसून निघाली. वादळ आलं. तो तीन दिवस दिवा जाळत राहिला. चौथा दिवस उजाडला. वहिनी पुढे सरकून बसली. ओठांवर वाक्य तयार होतं.

दाढीवाला जिना उतरून खाली आला. फळीवरून दोन ताटल्या काढल्या. टेबलावर मांडल्या. थोडा वेळ बघत राहिला. मग एक ताटली उचलून परत फळीवर ठेवली. पडदा पांढरा झाला, दिवे लागले.

वहिनीला वाटलं, फिल्म तुटली. ती वर भोकाकडे बघत राहिली, की आता चिकटवेल आणि पुढचं येईल. पण लोक टाळ्या वाजवत होते.

बाई पुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज जड झाला होता. "ती परत आली असती तर आपण सगळे खूश होऊन घरी गेलो असतो," त्या म्हणाल्या. "ती मूव्ही झाली असती. ती आली नाही, आणि त्यानं ताटली परत ठेवली. म्हणून ही फिल्म आहे." लोकांनी माना डोलावल्या. एका गृहस्थानं ताटलीवर बोलायला सुरुवात केली.

वहिनी उठली आणि बाहेर येऊन मशीनच्या खोलीचा लोखंडी जिना चढली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी डबा द्यायला चढायची, त्यानंतर आजच. दारात उभी राहिली तेव्हा ऑपरेटर पाठमोरा बसून रीळ उलटं गुंडाळत होता. दुसरं स्टूल रिकामं होतं. भक्कम होतं.

ती त्यावर बसली. "दिवसाढवळ्या दिवा कशाला लावून ठेवलाय?" म्हणाली.

तो दचकून वळला. तिच्या अंगावरची साडी पाहिली, मग तोंड पाहिलं. त्याचा हात रिळावरच थांबला.

"पाहिलीस?"

"ती येतच नाही."

"नाही येत."

"तुम्ही तर म्हणाला होता ओल्या केसांनी येते. कमरेवर हात ठेवते."

"तू ठेवतेस ना तशी," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "अगं, तुला सातवा होता. चार दिवस धड जेवली नव्हतीस. ताट पुढ्यात घेऊन बसलीस आणि म्हणालीस, 'मग?' मी पाणी प्यालो. मग काय सांगू? तिला कशी बुडवू तुझ्यासमोर?"

खाली कुणीतरी दाढीवाल्याच्या एकटेपणावर बोलत होतं.

"आणि बाकीचे?" वहिनी म्हणाली.

"बाकीचे काय?"

"बायका डोळे पुसत बाहेर पडायच्या. मी म्हणायची, आनंदानं रडतात. बहिणीला मी झोपाळू ठरवलंय वीस वर्षं!"

ऑपरेटरला हसू आवरेना. "दवाखान्यातून पळालेला तो तर पहिल्या अर्ध्या तासातच गेला होता," तो म्हणाला. "पुढचं सगळं मी चालवलं. तुझं तोंड बघून ठरवायचो. तुझं कुणाशी वाजलेलं असलं की त्या शुक्रवारी दुष्ट माणूस जास्त मार खायचा."

वहिनीला हसायचं नव्हतं. तिनं पदर घट्ट ओढून घेतला. "आणि बाईंना? त्यांनाही असे शेवट सांगता, या स्टुलावर बसवून?"

"छे! त्यांना खोटं चालत नाही."

"मला चालतं?"

"तुला लागतं," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "मलाही लागतं. पण मध्ये एकदा बाई चर्चेत म्हणाल्या, कुणाच्या फिल्मचा शेवट बदलणं म्हणजे चोरी. मला धसकाच बसला. म्हटलं, बावीस वर्षं आपण घरात चोऱ्याच करतोय. मग शुक्रवारी तोंड उघडवेना."

म्हणजे एवढंच होतं तर. वहिनीनं पदर सैल सोडला, पण उठली नाही. एक हिशेब बाकी होता.

"शेवट बदलला ती चोरी," ती म्हणाली, "आणि माझं बोलणं नेऊन त्यांना दिलंत ते काय? पिक्चरची चार, मूव्हीची दोन. कोण म्हणालं होतं ते?"

त्यानं कपाळावर हात मारला. "अरेच्चा," तो म्हणाला. "ठसका लागला होता मला!"

"पाठ कुणी चोळली होती?"

"बाई विचारत होत्या, लोक काय काय म्हणतात म्हणून. मी सांगितलं…"

"माझी बायको म्हणते, असं सांगितलंत?"

"आमच्याकडे म्हणतात, असं म्हणालो."

"आमच्याकडे!" वहिनी उठली. "आमच्याकडे कोण कोण आहे हो? मी, तुम्ही आणि मशीन."

तिनं स्टूल उचललं.

"अगं, हे कुठे नेतेस?"

"खिडकीत. माझं डगमगतं."

"बाई बसतात त्याच्यावर!"

"बाईंना फिल्म बघायची असते ना? ती खालून चांगली दिसते," ती म्हणाली आणि लोखंडी जिना उतरली, एकेका पायरीवर स्टुलाचा ठण्ण आवाज करत. खाली चर्चा दोन क्षण थांबली.

शनिवारी बाई नवं पत्रक घेऊन आल्या, पण आधी चिकटवलं नाही. भोकाशी वाकल्या. "ऑपरेटर म्हणाले मला," त्या म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "ते निरीक्षण तुमचं होतं. मला माहीत नव्हतं हो, खरंच. या पत्रकात तसं छापलंय बघा. आणि अहो, किती छान पाहता तुम्ही! असं आणखी काही असेल तर सांगा ना मला. तुमच्या नावानंच छापीन."

बाई मनापासून बोलत होत्या. भोकातून त्यांचा हात दिसत होता, शाईचा डाग पडलेला. वहिनीला त्या क्षणी त्या जवळजवळ आवडल्याच. आणि तिच्याजवळ होतंही सांगण्यासारखं. दवाखान्यातून पळालेला माणूस होता. दारात ओल्या केसांनी उभी राहिलेली बाई होती. बावीस वर्षांचे शुक्रवार होते, एकेकाचा वेगळा शेवट. बाईंनी ऐकलं असतं तर दोरीचा चष्मा डोळ्यावर चढवून वहीच उघडली असती.

"नाही हो," भक्कम स्टुलावर नीट बसत वहिनी म्हणाली. "एवढंच होतं."

पुढच्या शुक्रवारी नवा पिक्चर लागला. साडेतीनला खेळ सुटला तेव्हा बायका डोळे पुसत खिडकीवरून गेल्या. वहिनीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला त्यांची थोडी कीव आली. त्यांना जे दिसलं तेवढंच घेऊन त्या घरी चालल्या होत्या.

घरी ऑपरेटरनं पहिला घास घेतला आणि चमचे जवळ ओढले. "एक विधवा असते," तो म्हणाला. "तिचा थोरला दीर. स्टेशनात पोर्टर असतो…" दीर कसा चालतो ते त्यानं बसल्या बसल्या खांदे वाकडे करून दाखवलं. गाडी आली, ती चमच्यांची होती. गाडीच्या दारात विधवेनं पाय ठेवला आणि दिरानं मागून हाक मारली. इथं ऑपरेटरनं तांब्या उचलला आणि सावकाश पाणी प्यायला सुरुवात केली.

वहिनीच्या मनात आलं, विचारावं, हे पडद्यावरचं की तुमचं? बायका रडत गेल्यात. ती चढते की पडते? खालच्या जिन्यावर मुलीच्या चपलांचा आवाज आला. तिनं उठून दार लोटून घेतलं, कडी घातली, परत ताटाशी येऊन बसली.

"मग?" ती म्हणाली.